धबधब्याचें खत

नॉर्वे देशाच्या दक्षिण भागांत रियूकान नांवाचें एक गांव डोंगरांच्या खोल घळींत वसलेलें आहे. दोहों बाजूंचे कडे इतके उंच, कीं सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत गांवांत ऊन म्हणून पडत नाहीं. गांवकऱ्यांना सूर्यदर्शन घडावें म्हणून १९२८ सालीं डोंगरावर जाणारा तारेवरचा पाळणा बांधावा लागला. अशा काळोख्या जागीं माणसें कारखाना काढावयास गेलीं तीं तेथील धबधब्यासाठीं. १९११ सालीं तेथें व्हेमोर्क येथील वीजगृह सुरू झालें. त्याची शक्ति एक लाख किलोवॅटांहून अधिक असून त्या काळीं जगांत तें सर्वांत मोठें गणलें जाई. ही वीज दिव्यांसाठीं नव्हती. ती खत करण्यासाठीं होती.

पिकाला नत्र लागतो. हवेचा सुमारें ७८ टक्के भाग नत्रवायूचाच आहे, पण रोपाला तो तसाच घेतां येत नाहीं. तो दुसऱ्या एखाद्या मूलद्रव्याशीं बांधून द्यावा लागतो. क्रिस्टिअन बिर्केलंड हा प्राध्यापक व साम आयडे हा इंजिनिअर यांनीं १९०३ सालीं विजेच्या प्रखर ज्योतींतून हवा नेऊन नत्र व प्राणवायु यांचा संयोग घडविला. त्यापासून नायट्रिक आम्ल व पुढें चुनखडीच्या योगानें खत तयार केलें. युक्ति सुंदर, पण वीज अतोनात खाणारी. म्हणून १९२९ च्या सुमारास रियूकान येथें जर्मनींत हाबर व बॉश यांनीं सिद्ध केलेली अमोनियाची रीति आली.

या रीतींत नत्र व उज्जवायु, म्हणजेच हायड्रोजन, यांचें मिश्रण भारी दाबाखालीं, चार-पांचशें अंश उष्णतेंत, लोखंडाच्या चुऱ्यावरून नेतात व अमोनिया मिळवितात. नत्र हवेंतून मिळतो. खरा प्रश्न उज्जवायूचा. जर्मनांनीं तो कोळशापासून काढला. नॉर्वेकरांपाशीं पाणीहि होतें आणि वीजहि होती; त्यांनीं पाण्यांतून वीज नेऊन त्याचे उज्जवायु व प्राणवायु असे दोन भाग केले. शाळेच्या प्रयोगशाळेंत दोन नळ्यांत बुडबुडे उठतांना मुलें जें पाहतात, तेंच येथें कारखान्याच्या मापानें चाललें होतें. धुराडें नाहीं, कोळसा नाहीं. हें काम रियूकान येथें १९७१ पर्यंत चाललें. नंतर स्वस्त तेल व नैसर्गिक वायु यांच्यापुढें त्याचा टिकाव लागला नाहीं.

ही जुनी गोष्ट आज पुन्हा काढण्याचें कारण गंभीर आहे. जगांत वर्षाला सुमारें १८ कोटी टन अमोनिया तयार होतो आणि बहुतेक सर्व उज्जवायु नैसर्गिक वायु किंवा कोळसा यांपासूनच काढतात. नैसर्गिक वायूपासून एक टन अमोनिया करतांना सुमारें दोन टन कर्बाम्लवायु बाहेर पडतो. कोळशापासून केल्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. पृथ्वीची हवा ज्या वायूनें तापत चालली आहे तोच हा वायु. खत तर सोडतां येत नाहीं, कारण जगाचें निम्म्याच्या आसपास अन्न या नत्रावर उभें आहे.

मग सरळ विजेकडे कां वळूं नये? हिशेब करून पहावा. एक टन अमोनियांत सुमारें १७६ किलो उज्जवायु असतो. एक किलो उज्जवायूस ५० ते ५५ युनिट वीज लागते. दाब वगैरेचा खर्च धरून टनामागें सुमारें १०,००० युनिट होतात. जगाच्या एकंदर अमोनियास एक लाख ऐशी हजार कोटी युनिट! सबंध भारतांत एका वर्षांत निर्माण होणारी सारी वीज जवळजवळ एवढीच आहे. शिवाय ही वीज कोळशाची असेल तर सगळाच उलटा व्यवहार. कोळशाच्या एका युनिटामागें जवळजवळ एक किलो कर्बाम्लवायु निघतो. म्हणजे दोन टन वाचविण्यास जाऊन नऊ-दहा टन धूर पदरीं यावयाचा. वीज पाण्याची, वाऱ्याची किंवा सूर्याची असेल तरच या खटाटोपाला अर्थ आहे. त्यांतहि धबधबा रात्रंदिवस कोसळतो, पण सूर्य मावळतो आणि वारा पडतो. अमोनियाच्या भट्टीला मात्र सारखी उष्णता व सारखा दाब हवा असतो. म्हणून उज्जवायु सांठवून ठेवावा लागतो, आणि खर्च वाढतो तो येथें.

नॉर्वेमध्येंच हेरया येथील खताच्या कारखान्यांत यारा कंपनीनें २४,००० किलोवॅट शक्तीचें पाणी फोडण्याचें यंत्र २०२४ सालीं सुरू केलें. त्यापासून वर्षाला सुमारें २०,५०० टन अमोनिया होऊं शकतो. त्या कारखान्याच्या एकंदर उत्पादनांत हा अंश लहानच आहे.

भारताला हा मार्ग अगदींच नवा नाहीं. पंजाबांत नांगल येथें १९६१ सालीं जो खताचा कारखाना निघाला, तो भाक्रा धरणाच्या विजेनें पाणी फोडूनच उज्जवायु मिळवीत असे. पुढें १९७८ सालीं तेथें इंधन-तेलावरील कारखाना उभा राहिला आणि २०१३ सालीं तो नैसर्गिक वायूवर नेण्यांत आला. आतां २०२३ सालच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन योजनेनें २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उज्जवायु स्वच्छ विजेपासून काढण्याचें ठरविलें आहे.

एक अडचण मात्र शेतकऱ्याच्या गोणींतच आहे. भारतांत सर्वाधिक खपणारें खत युरिया. युरिया करण्यास अमोनियाबरोबर कर्बाम्लवायूहि लागतो, आणि तो त्याच कारखान्यांत नैसर्गिक वायूपासून आयताच मिळतो. पाणी फोडून काढलेल्या उज्जवायूबरोबर तो येत नाहीं. बाहेरून आणावा लागतो. बरें, युरियांत बांधलेला हा वायु शेतांत पडतांच पुन्हा मोकळा होतो. याउलट स्फुर व नत्र एकत्र असलेल्या डी.ए.पी. सारख्या खतांना कर्बाची गरज नाहीं, आणि त्यांसाठीं अमोनिया मोठ्या प्रमाणावर परदेशांतून जहाजांनीं आणावा लागतो. विजेचा अमोनिया भारतांत प्रथम शिरावयाचा तो या दारानें.