हजेरीपटामागचा माणूस

‘कामगार खाडे फार करतात’ ही तक्रार गिरण्यांइतकीच जुनी. दंड करा, नाव कमी करा, हा उपायही तितकाच जुना. परंतु खाडा का पडतो, हे विचारणारे थोडे.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्यास वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरविली. ५०० कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावयास लावला. कायद्याने रजा दिली, पण ती मागण्याचे धैर्य कायदा कोठून देणार? अर्ज घेऊन गेलेल्याचा चारचौघांत पाणउतारा होत असेल, तर माणूस अर्जच करीत नाही. न सांगता घरी राहतो. मग त्याचे काम शेजाऱ्यावर पडते, शेजारी दमतो आणि आठवड्याने तोही आजारी पडतो. असा एक खाडा दुसऱ्यास जन्म देतो.

यात दोष केवळ मालकांचा नाही. एका कारखान्यात आम्ही पूर्ण हजेरीचा बोनस भांडून मिळविला. महिन्यात एक दिवस चुकला की सारा बोनस बुडे. आम्हांस तो विजय वाटला. त्याच बोनसपायी एक प्रेस कामगार अंगात ताप असताना कामावर आला आणि दोन बोटे गमावून बसला. त्या दिवशी हजेरीपटावर त्याची हजेरी पूर्ण होती. करारावर सही आमची होती.

पुढच्या करारात आम्ही तीन गोष्टी घातल्या. आजारपणाच्या रजेने बोनस तुटू नये. गैरहजर माणसाच्या जागी बदली कामगार आधीच ठरलेला असावा. मुकादमाविरुद्ध तक्रार ऐकणाऱ्या समितीत कामगारही असावेत. त्यानंतर खाडे एकदम थांबले नाहीत. परंतु माणसे आदल्या दिवशी सांगून रजा घेऊ लागली, आणि काम अडेनासे झाले.

श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या हाताखाली दुकानात, कचेरीत वा घरी चार-दोन माणसे असतील. ती आजारपण तुम्हांस मोकळेपणी सांगू शकतात काय, एवढे एकदा पाहा. सांगत नसतील, तर हजेरीपट कितीही भरलेला असो, तो खरा मानू नका.