‘ॲक्यूट’ म्हणजे गंभीर नव्हे

आज एकच इंग्रजी शब्द घेऊ : ॲक्यूट. डॉक्टरांच्या कागदावर तो दिसला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

लॅटिनमध्ये ‘आकुस’ म्हणजे सुई आणि ‘आकुएरे’ म्हणजे धार लावणं, टोक काढणं. त्यातून ‘आकूतुस’, म्हणजे टोकदार, हे विशेषण झालं. तेच इंग्रजीत ॲक्यूट. भूमितीत 90 अंशांपेक्षा लहान कोन ॲक्यूट असतो. आपण त्याला लघुकोन म्हणतो. म्हणजे आपण माप पाहिलं, त्यांनी टोक पाहिलं. याच्या उलट ‘ऑब्ट्यूस’. त्याचा मूळ अर्थ बोथट. तो विशालकोनालाही लावतात आणि मंद डोक्याच्या माणसालाही! बुद्धीच्या बाबतीत मात्र आपलीही कल्पना तीच आहे. कुशाग्र म्हणजे दर्भाच्या टोकासारखी.

आता गंमत बघा. अठराव्या शतकात या शब्दाचा पहिला स्वर गळून ‘क्यूट’ झाला. तेव्हा त्याचा अर्थ होता चलाख, हुशार. ‘गोंडस’ हा अर्थ त्याला पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चिकटला.

आता मुद्द्याकडे येऊ. आजाराला ‘टोकदार’ म्हणण्याची रीत ग्रीक वैद्यांपासूनची. टोक म्हणजे झटकन वर चढणारं आणि तिथेच संपणारं. तेव्हा वैद्यकात ॲक्यूट हा शब्द मुख्यतः काळाबद्दल बोलतो : आजार अचानक आला, आणि त्याचा काय तो निकाल थोड्या दिवसांत लागेल. म्हणूनच त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘सौम्य’ नाही, ‘क्रॉनिक’ आहे. आणि तो आला ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ या ग्रीक शब्दावरून. या हिशेबाने साधी सर्दीही ॲक्यूटच. उलट मधुमेह क्रॉनिक, पण तो मुकाट्याने डोळे आणि मूत्रपिंडं पोखरू शकतो.

आपण ॲक्यूटला ‘तीव्र’ म्हणतो, तिथे घोटाळा होतो, कारण तीव्र म्हटलं की जोर डोळ्यांपुढे येतो. ‘आशुकारी’ आणि ‘चिरकारी’ हे संस्कृत शब्द बोजड वाटतात खरे, पण काळाची गोष्ट ते नेमकी सांगतात.

अर्थात ॲक्यूट आजार जिवावर बेतणारा असूही शकतो. हृदयविकाराचा झटका तसाच. पण ते एकट्या त्या शब्दावरून ठरत नाही. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : हा किती दिवसांचा? आणि किती गंभीर?