आधी घाट, मग गिअरबॉक्स

गोव्यात १९९८च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, टप उघडणारी गाडी तयार होऊ लागली. फायबरची बॉडी, फ्रान्समध्ये झालेला आराखडा आणि रेनोचं ११४९ सीसीचं डी७एफ इंजिन. ताकद साधारण ६० अश्वशक्ती. आज हा आकडा ऐकून कुणी नाक मुरडेल, पण भारतात बनलेल्या स्पोर्ट्स कारची यादी करायला बसलं तर हाताची बोटं पुरतात, आणि त्यात स्टॉर्म येतेच. अशा गाडीचा तिसरा गिअर निसटू लागला, दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजून करकर सुरू झाली, की मालक बदली गिअरबॉक्स शोधायला निघतो. त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: सगळ्यांत मजबूत कोणता? माझ्या मते तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा आहे. गाडी रोज कोणत्या रस्त्याने जाणार, हे आधी ठरवावं.

पनवेलच्या खांदा कॉलनीतली गाडी घ्या. मुंबईकडे जायचं तर सायन-पनवेल रस्त्यावरची रेटारेटी आहे. पुण्याकडे जायचं तर कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग सुरू होतो; तिथे सपाटीवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, आणि खोपोलीनंतर बोरघाट. गोव्याकडे निघालं तर पनवेल सोडताच कर्नाळ्याची चढण. म्हणजे एकाच गाडीकडून पहिल्या गिअरमध्ये रांगण्याची, पाचव्यात पळण्याची आणि तिसऱ्यात न कुंथता चढण्याची अपेक्षा आहे. भांडण आहे ते या शेवटच्या दोन कामांत.

स्टॉर्मचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या ११८ एनईसारख्या गाडीत डिफरन्शिअल मागच्या एक्सलवर वेगळं असतं, त्यामुळे गिअरबॉक्स बदलला तरी क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांआधीची शेवटची दातेरी जोडी, जुनंच राहतं. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत दोन्ही एकाच कवचात बसलेली असतात. दुसऱ्या गाडीचा बॉक्स आणला की तिचं क्राउन-पिनियनही न मागता घरात येतं. इथे हिशेबच मांडून पाहू. चाकाचा परीघ १.७५ मीटर धरला तर ताशी ५० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ४७६ फेरे घेतं. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.३५ आणि क्राउन-पिनियनचं ४.० असेल, तर इंजिन २५७० फेऱ्यांवर राहील. तोच तिसरा गिअर ठेवून क्राउन-पिनियन ३.४चं आलं, तर २१८५ वर. फरक किरकोळ वाटतो, पण या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, सुमारे ९३ न्यूटन-मीटर, २५०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. त्या बिंदूच्या वर असताना चढणीने फेरे कमी झाले, तर टॉर्क वाढतो आणि इंजिन स्वतःला सावरतं. खाली असताना फेरे पडले, तर टॉर्कही पडतो, आणि चालकाला घाईने दुसरा टाकावा लागतो. पुढे मालट्रक, मागे बस अशा घाटात हे कुणालाच आवडत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप पेट्रोलचा. द्रुतगती मार्गावर इंजिन जितकं संथ फिरेल तितकं बरं, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पाचव्याचं गुणोत्तर ०.७५ धरलं, तर ताशी १०० ला ४.०च्या क्राउन-पिनियनवर इंजिन २८५० च्या जरा वर फिरतं, ३.४ वर २४३० च्या आसपास. पण ही बचत मिळते एका गिअरमध्ये, आणि तिची किंमत पाचही गिअरना मोजावी लागते. पहिलाही लांब होतो, मग सायन-पनवेलच्या गर्दीत क्लच अर्धा दाबून गाडी सरकवावी लागते आणि प्लेट जळते. संथपणा हवा असेल तर तो लांब पाचव्या गिअरकडून घ्यावा, क्राउन-पिनियनकडून नव्हे. मोठ्या इंजिनाच्या बॉक्सबद्दल माझी शंका हीच आहे. जोरकस इंजिनाला लांब क्राउन-पिनियन पेलतं, म्हणून ते तसं दिलेलं असू शकतं. ९३ न्यूटन-मीटरला त्या मजबुतीचा उपयोग काय?

मग शोध कुठे घ्यावा? इंजिनाच्या घराण्यात. डी७एफ परदेशात ट्विंगो आणि क्लिओत बसत असे, जेबी कुळातल्या गिअरबॉक्ससोबत. मात्र रेनोच्या बॉक्सवर अक्षरं सारखी दिसली म्हणून आतले दातेही सारखे असतील असं नाही. कवचावरच्या अक्षरांपुढचा निर्देशांक गुणोत्तरं सांगतो, आणि तोच वाचायचा असतो. जेबीमध्ये डावा एक्सल आणि उजवा एक्सल वेगवेगळ्या पद्धतीने बसतात, तेव्हा जुने एक्सल जुळतात का, हे पैसे देण्याआधी पाहावं. स्पीडोमीटरच्या पिनियनचे दातेही मोजून घ्यावेत.

कायद्याचा बागुलबुवा दाखवणारेही भेटतात. नोंदणीपत्रातले तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. झिजलेल्या बॉक्सच्या जागी त्याच जातीचा बॉक्स बसवणं आणि मोठ्या बॉक्ससाठी बॉडी कापणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना एवढंच सांगता येईल, की २०२१च्या व्हिंटेज नियमांना गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, आणि स्टॉर्मला त्याला बराच अवकाश आहे.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात बॉक्स समोर आला, तर तिथेच मोजता येतो. तिसरा गिअर टाकावा, एका बाजूचं एक्सलचं तोंड घट्ट धरावं आणि दुसरी बाजू बरोबर दोन फेरे फिरेपर्यंत क्लच शाफ्ट फिरवावा. शाफ्टचे जितके फेरे, तितकं एकूण गुणोत्तर. मग हेच पाचव्यात करावं. वर गृहीत धरलेल्या चाकाला तिसऱ्यात सव्वापाचच्या किंचित वर आणि पाचव्यात तीनच्या आसपास आकडा आला, तर बॉक्स घ्यावा. नाही आला, तर स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नये. जुनाच उघडून बेअरिंगं आणि सिंक्रो रिंगा बदलून घ्याव्यात.