कोरड्या विहिरीचे झाकण

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना वाटेत तिसगाव लागते. हा सारा मुलूख पर्जन्यछायेतला. जुनी विहीर आटली म्हणजे येथला शेतकरी प्रसंगी कर्ज काढून विंधन विहीर घेतो. व्यवहारात तिलाच बोअर म्हणतात. यंत्र काळ्या कातळाचे थर भेदीत शेकडो फूट खाली जाते. परंतु दख्खनच्या या कातळात पाणी सर्वत्र नसते. ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत साठलेले असते. भेग सापडली तर पाणी लागते, चुकली तर नुसती दगडाची भुकटी वर येते.

पाणी लागले की त्या विहिरीची निगा राखण्यास कोणाला सांगावे लागत नाही. पाणी न लागले तर यंत्र निघून जाते, मालक खिन्न होऊन घरी परततो, आणि निष्काळजीपणाचा आरंभ नेमका येथे होतो. ज्या भोकात पैसा बुडाला, तिकडे पुन्हा पाहावेसे वाटत नाही. वरच्या भुसभुशीत मातीला आधार म्हणून घातलेली केसिंगची नळी दुसरीकडे उपयोगी पडेल म्हणून पुष्कळदा उपसून नेतात. मग काठाची माती ढासळते, तोंड रुंदावते, पावसाळ्यात त्यावर गवत माजते. कोणी फार तर एखादे फाटके पोते टाकतो. ते पोते भोक झाकीत नाही; केवळ लपविते.

याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे, १३ मार्च २०२३ रोजी ऊसतोडणीसाठी परप्रांतातून आलेल्या मजुराचा पाच वर्षांचा मुलगा अशा उघड्या विहिरीत पडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने रात्री उशिरापर्यंत शर्थ केली. पण मूल बाहेर आले तेव्हा त्याचे प्राण गेलेले होते. अशा अरुंद भोकात मोठ्या माणसाला उतरता येत नाही. शेजारी दुसरा खड्डा खणून आडवी वाट काढावी लागते, आणि कठीण खडकात त्याला वेळ लागतो. जुलै २००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात एका बालकाला सुमारे दोन दिवसांनी जिवंत काढता आले. परंतु असे दैव प्रत्येकाचे नसते.

अपायाचा दुसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. मातीचे थर पाणी गाळून खाली सोडतात. उघड्या विहिरीतून मात्र शेतातील खत, औषधे व घाण घेऊन पावसाचे पाणी थेट खोल भेगांत उतरते. त्याच भेगांतून शेजाऱ्याच्या पिण्याच्या विहिरीला पाणी मिळत असण्याचा संभव असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी याविषयी निर्देश दिले. खोदकामापूर्वी पंधरा दिवस लेखी सूचना द्यावी, काम चालू असता कुंपण घालावे, नळीभोवती सिमेंटचा ओटा बांधून तोंडावर पोलादी झाकण पक्के बसवावे, आणि सोडून दिलेली विहीर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू व दगडगोट्यांनी भरून काढावी. भरावाला खोदताना निघालेला चुराही चालतो. म्हणजे उपायाचे साहित्य बहुधा जागेवरच पडलेले असते. उणीव असते ती अर्ध्या दिवसाच्या कष्टाची.

अपघातानंतर मालक खोदणाऱ्याकडे बोट दाखवितो, खोदणारा मालकाकडे. आणि वाईट हेतू नव्हता असे दोघेही खरेपणाने सांगतात. पण निष्काळजीपणाला हेतू लागतच नाही. म्हणूनच १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीने घडलेल्या मृत्यूलाही पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे.

शहरातील अनेक कुटुंबांची शेती गावी दुसऱ्याच्या हाती असते. वर्षातून एकदा उत्पन्नाचा हिशेब पाहण्यासाठी जाणाऱ्या मालकाने शेतातील त्या कोपऱ्यापर्यंतही जावे, आणि पोते उचलून खाली काय आहे ते स्वतः पाहावे. मालकाला ती जागा निदान ठाऊक तरी असते; बांधावर खेळणाऱ्या परक्या मुलाला ती ठाऊक नसते.