मोटरीचा श्वास

मोटरगाडीला पेट्रोल लागतें हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु तिला पेट्रोलाच्या कितीतरी पट हवा लागते, ही गोष्ट गाडी चालविणाऱ्या पुष्कळांच्याही ध्यानांत येत नाहीं. पेट्रोल पुरतें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें 14.7 पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलाचें वजन अदमासें पाऊण किलो धरलें, तर त्यासाठीं 11 किलो हवा, म्हणजे घनफळानें 9 हजार लिटरांहून अधिक, इंजिनास आंत ओढावी लागते. पेट्रोलास पैसे पडतात म्हणून त्याची आपण चौकशी करतों. हवा फुकट मिळते म्हणून तिची चौकशी कोणी करीत नाहीं. ती करण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

कारखान्यांतून तयार येणाऱ्या गाडींत हा विचार आधींच झालेला असतो. जी गाडी सुटे भाग आणून हातानें जोडावयाची, तिच्यांत तो जोडणारासच करावा लागतो. इंग्लंडांत 1957 सालीं लोटस कंपनीची 'सेव्हन' ही गाडी निघाली. सुटे भाग घेऊन ती घरीं जोडली असतां विक्रीवरील कर वांचत असे, म्हणून अनेकांनीं ती घरींच जोडली. आपल्या महाराष्ट्रांत इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं 1949 सालीं 'मीरा' नांवाची लहान मोटर स्वतः घडविली. पुढें अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या कंपनीनें 'सेव्हन'च्याच घाटाची, 1.8 लिटरच्या इसुझू इंजिनाची दोन माणसांची गाडी बनविली. 2007 पासून भारतांत 'बाहा' नांवाची स्पर्धा भरते, तींत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेली गाडी धुळीचिखलांतून चालवितात. तेव्हां आमच्या वाचकांपैकीं एखाद्याच्या हातीं उद्यां पाना आला तर नवल नाहीं.

अशा गाड्या ठेंगण्या, आणि त्यांच्या बॉनेटखालीं जागा थोडी. म्हणून हवा गाळणारा एअर फिल्टर जेथें जागा मिळेल तेथें बसवून दिला जातो. बहुधा ती जागा रेडिएटरच्या मागें, धुराच्या तापलेल्या नळीजवळ, नाहीं तर पुढच्या चाकाशेजारीं असते. आणि या तिन्ही जागा वाईट होत.

त्या कां वाईट, हें सोलापुरांत राहणारास समजाविणें कठीण नाहीं. प्रथम उष्णतेचें पाहूं. हवा तापली कीं विरळ होते, आणि तेवढ्याच घनफळांत तिचें वजन कमी भरतें. वैशाखांतल्या दुपारीं बाहेर 42 अंश उष्णता असतां बॉनेटखालची हवा 70 अंशांची असली, तर ती बाहेरच्या हवेहून सुमारें शेंकडा 8 नें हलकी असते. हवा कमी तितकें जळणारें पेट्रोल कमी, आणि जोरही कमी. आपलें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें 450 मीटर उंच असल्यानें शेंकडा 5 हवा तर येथें आधींच कमी आहे.

दुसरी धूळ. काळ्या मातीची बारीक भुकटी इंजिनांत शिरून तेलांत मिसळली, कीं तिची जणू सहाणच होते. 5 ते 20 मायक्रोनांचे कण विशेष घातक. माणसाचा केस सुमारें 70 मायक्रोन जाड असतो, यावरून त्यांची सूक्ष्मता कळेल. ते पिस्टनचीं कडीं व सिलिंडरच्या भिंती घासतात. मग इंजिन तेल पिऊं लागतें, निळसर धूर सोडूं लागतें, आणि शेवटीं तें उघडून बोअर करून घेण्याचा खर्च घरच्या वडील माणसांवर येतो. ज्या भागांत यंत्रमाग चालतात तेथें सुताचे तंतू फिल्टरवर बसून तो लवकर कोंडतो, हेंही विसरूं नये.

तिसरें पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. साचलेल्या पाण्यांतून जातांना तें फिल्टरवाटे सिलिंडरांत शिरलें, तर वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. उंसाच्या फडांत चालणारा ट्रॅक्टर पाहा. त्याच्या हवेच्या नळीचें तोंड बॉनेटच्याही वर काढलेलें असतें, कारण उंचावर धूळही कमी आणि पाणीही दूर.

यावरून जागा कशी निवडावी तें उघड होतें. हवेचें तोंड धुराच्या नळीच्या विरुद्ध बाजूस, चाकाच्या फेकीबाहेर आणि शक्य तितकें उंच असावें. फिल्टर बंद पेटींत ठेवून तिच्या नि इंजिनाच्या मध्यें पत्र्याचा पडदा घालावा, आणि पेटीच्या तळाशीं पाणी निथळण्यास लहान भोंक ठेवावें. पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं वारा अडून हवेचा दाब किंचित् वाढतो, तेथील हवा थंडही असते. म्हणून ती जागा बरी. तोंड थेट समोर ठेवलें म्हणजे वाऱ्याच्या जोरानें इंजिनांत हवा कोंबली जाते, असा कित्येकांचा समज आहे. हिशेब केला तर ताशीं 80 किलोमीटर वेगास तो दाब शेंकडा 0.3 देखील भरत नाहीं. तेवढ्यासाठीं पाऊस व किडे आंत घेणें शहाणपणाचें नव्हे.

आतां नळीचा विचार. 1.8 लिटरचें इंजिन मिनिटास 3000 फेरे घेत असतां, दर दोन फेऱ्यांत एकदां भरतें म्हणून, मिनिटास 2700 लिटर हवा ओढतें. ती 5 सेंटीमीटर व्यासाच्या नळींतून गेली तर तिचा वेग ताशीं 82 किलोमीटर होतो. व्यास साडेसात सेंटीमीटर केला तर तोच 37 वर येतो. अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें तो सुमारें पांचव्या हिश्शावर उतरतो. वळणें थोडीं व सौम्य असावीं, आणि नळीची कड तुतारीच्या तोंडासारखी बाहेर वळविलेली असावी. फिल्टर जागेंत मावेल तितका मोठा घ्यावा. मोठ्या कागदांतून हवा सावकाश जाते आणि तो पुष्कळ दिवस धूळ सांठवितो.

फिल्टर काढूनच टाकावा, म्हणजे आवाज भारी येतो व जोर वाढतो, असें सांगणारे मित्र भेटतात. जोर खरोखर किती अडतो तें मोजतां येतें, आणि मोजण्यास शाळेंतील साधनें पुरतात. इंग्रजी यू अक्षरासारखी वांकविलेली पारदर्शक नळी घेऊन तींत रंगीत पाणी भरावें. तिचें एक टोंक फिल्टरच्या पलीकडे, परंतु कार्ब्युरेटरच्या अलीकडे, जोडावें. दुसरें उघडें ठेवावें. नळी पुरेशी उंच असावी, नाहीं तर पाणी इंजिनांत ओढलें जाईल. मोकळ्या रस्त्यावर गाडीवर भार असतां दोन बाजूंच्या पाण्यांतील फरक शेजारीं बसलेल्यानें पाहावा. चालविणारानें पाहूं नये. आपल्याकडे वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारें पावणेदहा मीटर स्तंभाइतका असतो. म्हणून फरक 25 सेंटीमीटर आला, तर शेंकडा अडीच हवा अडली असें समजावें. हीच मोजणी फिल्टरशिवाय, पण स्वच्छ रस्त्यावर एकदांच, केली म्हणजे फिल्टरचा दोष किती आणि नळीचा किती, हें निराळें कळतें. बहुतेक दोष नळीचाच निघतो. नळी सुधारल्यावर पेट्रोलाचें प्रमाण मात्र जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावें.

धुळीचीही परीक्षा सोपी आहे. फिल्टरच्या पुढील नळी आंतून पांढऱ्या फडक्यानें पुसावी. फडकें मळलें, तर एखादा सांधा किंवा क्लिप सैल आहे, आणि इतका चांगला फिल्टर व्यर्थ आहे. कागदी फिल्टर हवेच्या जोरदार झोतानें झाडूं नये. बारीक छिद्र पडलें तरी तें डोळ्यांस दिसत नाहीं.

पालकांस एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. मोटर वाहन कायदा, 1988 याच्या 52 व्या कलमानें, नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल गाडींत करण्यास मनाई आहे. यासाठीं घरीं जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करून रीतसर परवानगी घ्यावी, आणि तोंवर तिची परीक्षा खासगी आवारांतच करावी. फिल्टरची पेटी कार्ब्युरेटरांतून उलट उसळणारी ज्वाळाही अडविते. तेव्हां ती काढून टाकणारा मुलगा केवळ इंजिनाच्या नव्हे, स्वतःच्या जिवाशींही खेळत असतो.

यंत्राचें आयुष्य पुष्कळदां अशा स्वस्त वस्तूंवर अवलंबून असतें. एक पत्र्याचा पडदा, एक रुंद नळी, दोन घट्ट क्लिपा, आणि त्या कोठें व कां बसवावयाच्या याचा शांतपणें केलेला विचार, एवढ्यानें सोलापूरच्या उन्हांतही इंजिन वर्षानुवर्षें सुखानें श्वास घेईल.