कातडी, प्लास्टिक आणि कांडोळाचा डिंक

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातील एक दुपार. सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातून साठीचे एक शेतकरी मुलासह माझ्या दवाखान्यात आले. गुदाशयाच्या कर्करोगावर नागपुरात त्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि लहान आतड्याचे तोंड पोटाच्या उजव्या बाजूस बाहेर काढलेले होते. त्यावर बसवलेली मलाची पिशवी घामाने दिवसातून दोनदा सुटू लागली. घरात लग्नकार्य होते. चारचौघांत फजिती नको म्हणून मुलाने दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी आणली आणि पिशवीच्या कडेने थेंब सोडले. पिशवी तासाभरात निघाली. तिच्या जागी पोटावर टणक, पांढरा थर उरला, आणि तो ओढून काढताना कातडी सोलून आली.

“चप्पल चिकटते जी यानं, खुर्ची चिकटते, मंग पिशवीच काऊन नाई चिकटली?” मुलाने विचारले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, पण प्रश्न उत्तम होता.

गोंद चिकटण्यापूर्वी त्याला पृष्ठभागावर नीट पसरावे लागते. पॉलिथिनसारख्या प्लास्टिकवर तो पसरतच नाही. अळवावरच्या पाण्यासारखी त्याची गत होते. स्टोमा बॅगचे पातळ पटल बहुधा याच कुळातले असते. ज्या नळीतून हा गोंद येतो तिचे टोकही अशाच प्लास्टिकचे करतात, ते याच गुणासाठी. कातडीचे नेमके उलटे आहे. हा गोंद, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, ओलाव्याच्या स्पर्शाने घट्ट होतो, आणि घामेजलेल्या पोटावर ओलावा भरपूर. म्हणून तो कातडीला करकचून धरतो आणि प्लास्टिकला सोडून देतो. घट्ट होताना तो उष्णताही बाहेर टाकतो. सुती कापडावर सांडला तर ही उष्णता भाजण्याइतकी वाढू शकते.

हॅरी कूव्हर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाला हे द्रव्य 1942 साली बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडले. सगळ्यालाच चिकटते म्हणून त्याने ते तेव्हा बाजूला सारले होते! प्रयोगशाळांत आजही ते उपयोगी पडते. मेंदूच्या ताज्या तुकड्याचे पातळ काप घ्यायचे असतील, तर तुकडा यंत्राच्या तबकडीवर याच गोंदाच्या थेंबाने बसवतात. परंतु तो तुकडा घाम गाळत नाही, त्याची कातडी झडत नाही, आणि दोन दिवसांनी तो सोडवून पुन्हा चिकटवायचा नसतो. शल्यविशारद जखमेसाठी वापरतात तो गोंद याच घराण्यातला असला, तरी त्याची रेणूसाखळी लांब असते, तो सावकाश विघटित होतो आणि ऊतींना कमी दाह करतो. अशा एका गोंदास अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळाली. तोही स्वच्छ जखमेच्या जुळवलेल्या कडांवर वरून लावायचा असतो. त्याने पिशवी चिकटवायची नसते.

जिवंत कातडीवरच्या गोंदाने तीन कामे करावी लागतात. धरून ठेवायचे, ओलावा शोषायचा आणि वेळ आली की मुकाट्याने सोडायचे. या तिसऱ्या गुणाकडे आमचे लक्षच नसते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा रुग्णांना पिशवीभोवती साधी पांढरी चिकटपट्टी लावायला सांगत असे. दर वेळी ती काढताना कातडीचा वरचा पापुद्रा निघे आणि लहान आतड्यातील पाचकरस त्या ओल्या जागेला जाळत. चूक माझी होती. रुग्ण मात्र “आजारच असा” म्हणून सोसत.

या तीन गुणांचा गोंद प्रथम मिळाला तो झाडापासून, आणि ते झाड आमच्या जंगलात उभे आहे. ताडोबात गेलेल्यांनी पाने झडलेले, चांदण्यात पांढरेफटक दिसणारे ‘भुताचे झाड’ पाहिले असेल. तेच कांडोळ, ऊर्फ कुल्लू. त्याचा डिंक जगाच्या बाजारात कराया म्हणून ओळखला जातो. हा डिंक पाण्यात विरघळण्याऐवजी फुगतो आणि ओलसर, चिकट लगदा होतो. कवळी बसवण्याच्या भुकटीत तो याचसाठी घालत. 1950 च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी ही भुकटी आतड्याच्या तोंडाभोवतीच्या कातडीसाठी वापरली. त्यांच्याच एक रुग्ण, नॉर्मा गिल, 1958 पासून तेथे इतर रुग्णांना पिशवीची निगा शिकवू लागल्या. पुढे पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजपासून केलेल्या चकत्या आल्या. कराया पातळ मलात लवकर विरघळतो आणि काहींना झोंबतो, म्हणून तो मागे पडला.

आज घरच्यांनी करायचे ते फार नाही. नीट मात्र करायला हवे. कातडी साध्या पाण्याने धुऊन टिपून पूर्ण कोरडी करावी. तेल, पावडर, मलम काहीही नको. चकतीचे भोक आतड्याच्या तोंडापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठे कापावे. पहिल्या आठवड्यांत सूज उतरते तसे तोंड लहान होते, म्हणून माप पुन्हा घ्यावे. (जुन्याच मापाने कापत राहणे ही मी सर्वाधिक पाहिलेली चूक.) बसवल्यावर तळहात मिनिट-दोन मिनिटे दाबून धरावा, कारण उबेने चकती कातडीत बसते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की नेहमीचे तीन-चार दिवस गृहीत धरू नयेत. कडेला खाज किंवा जळजळ सुरू होताच चकती बदलावी. काढताना ती ओढू नये. ओल्या कापडाने भिजवत एका हाताने कातडी दाबावी. कातडीवर झटपट गोंद सांडलाच तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावा, आणि डोळ्यात गेल्यास तडक रुग्णालय गाठावे.

त्या गृहस्थांची जखम भरायला तीन आठवडे लागले. एकदा पट्टी बदलताना मी त्यांना कांडोळाची गोष्ट सांगितली. ते हसू लागले. तरुणपणी ठेकेदारासाठी त्यांनी कुऱ्हाडीने खाचा पाडून हाच डिंक गोळा केला होता, “पण तो कशाले नेतेत, हे कोणी सांगतलंच नाई जी.” मुलगा नव्या चकतीचे माप कागदावर गिरवत होता, त्याने मान वर करून विचारले, ते झाड अजून आहे का. आहे, ते म्हणाले, नाल्याच्या पलीकडे दोन.