धुळ्याचा मुक्काम

कोकण-गोवा फिरून मोटरसायकलवर परतणाऱ्या इंदूरकरांचा शेवटचा दिवस बहुधा ठरलेला असतो. पहाटे पाचला पुणं सोडायचं आणि रात्रीच्या जेवणाला इंदूरच्या सुदामा नगरात पोहोचायचं. नाशिक, धुळे, सेंधवा, खलघाटला नर्मदेवरचा पूल, मानपूर, राऊ; अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. त्यांना धुळ्याला मुक्काम करा म्हटलं की उत्तरही ठरलेलं: ‘रस्ता पाठ आहे, दहा दिवसांत अंगाला सवय झाली आहे, आणि बाइकवर काही झोप लागत नाही.’ या एका वाक्यात तीन गैरसमज आहेत. त्यांतला सवयीचा सगळ्यात घातक, कारण तो ऐकायला अनुभवाचा बोल वाटतो.

कमी झोपेची सवय होत नाही. सवय होते ती फक्त दमल्याची जाणीव न होण्याची. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2003 साली हे मोजून दाखवलं. रोज सहाच तास झोपणाऱ्या निरोगी माणसांची सावधपणाची चाचणी 14 दिवस घेतली, तेव्हा त्यांची कामगिरी दिवसागणिक ढासळत गेली आणि शेवटी सलग जागरण केलेल्या माणसांच्या पातळीला आली. त्या माणसांना मात्र आपण थोडेसेच पेंगुळलेले आहोत असं वाटत राहिलं. आता सहलीचे दहा दिवस डोळ्यांसमोर आणा: रात्री उशिरापर्यंत गप्पा, सूर्योदयासाठी पहाटे उठणं, नव्या जागी अर्धवट झोप. झोपेच्या या कर्जाचा सगळा बोजा परतीच्या दिवशी अंगावर असतो आणि ‘मला काही होत नाही’ असं सांगणारा मेंदूच तेव्हा दमलेला असतो. ‘झोप आली तर थांबू’ हा बेत म्हणूनच टिकत नाही. थांबायचं कुठे, हे पुण्याहून निघण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

बाइकवर तोल सांभाळावा लागतो, म्हणून झोप लागणार नाही, हेही खरं नाही. तोल आपण सांभाळतो तो मुख्यतः गाडी हळू असताना. वेग घेतल्यावर चाकांचं फिरणं आणि पुढच्या फोर्कची ठेवण यांमुळे गाडी स्वतःच उभी राहते. चौपदरी सरळ रस्त्यावर काही सेकंद तिला चालवणाऱ्याची गरजही पडत नाही. डुलकी येते ती नेमकी एवढीच. ताशी 80 किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी जवळपास 90 मीटर पुढे जाते. डोळे अनेकदा उघडेच असतात, त्यामुळे डुलकी लागून गेली हे नंतर आठवतही नाही. आणि रस्ता पाठ असणं इथे उलटं काम करतं, कारण ओळखीच्या रस्त्यावर मेंदूला नवं काही शोधावं लागत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘ट्रकवाले रोज चालवतातच ना!’ पगारी चालकांसाठी 2025 पर्यंत 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास काम आणि मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती, असं तो सांगायचा. तो सर्रास मोडला जायचा, हे खरं; पण म्हणून मर्यादा चुकीची ठरत नाही. पुणे-इंदूरचं वेळापत्रक या मर्यादेशेजारी ठेवून पाहा. दुपारी एकच्या सुमारास धुळे येतं, जेवण होतं, आणि दोन ते चार ही शरीराची नैसर्गिक पेंगेची वेळ सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात गाठते. वाटेत पंक्चर किंवा पाऊस आला, तर राऊला पोहोचता पोहोचता रात्रीचे दहा वाजतात. पहाटे पाचला निघालेला माणूस तेव्हा 17 तासांहून जास्त जागा असतो. 1997 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या डॉसन आणि रीड यांच्या अभ्यासानुसार, इतक्या जागरणानंतर हात आणि डोळ्यांचा मेळ 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो. आपल्या कायद्याची मर्यादा 30 आहे. दारू प्यायलेल्या मित्राच्या हातातून आपण किल्ली काढून घेतो. सतरा तास जाग्या असलेल्याला मात्र ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. कडक चहा लगेच उपयोगी पडत नाही. कॅफिनचा असर व्हायला साधारण अर्धा तास जातो, म्हणून चहा किंवा कॉफी पिऊन पंधरा मिनिटं आडवं व्हावं, दोन्ही मिळून खरोखर फरक पडतो. तोंडावर गार वारा किंवा पाणी घेतल्याने तरतरी येते ती काही मिनिटांपुरती. ऊन खाल्लेल्या टायरमधली वाढलेली हवा काढू नये. कंपनीने दिलेला दाबाचा आकडा थंड टायरचा असतो. कानात बोळे घातल्याने हॉर्न ऐकू येत नाही, हीही समजूतच. हेल्मेटमध्ये घोंघावणाऱ्या वाऱ्याचा आवाज तेवढा कमी होतो, आणि माणसाला थकवण्यात त्या आवाजाचा मोठा वाटा असतो. गाडी रेल्वेने पाठवण्यात कमीपणा काहीच नाही. टाकी रिकामी करून, कागदपत्रं दाखवून ती पार्सलने आणता येते.

मुक्कामाने एक दिवस वाया जातो, हा शेवटचा आक्षेप. धुळ्याहून इंदूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्री आठ तास झोपून सकाळी सातला निघालं, तर बिजासन घाट दिवसाउजेडी आणि ताज्या डोळ्यांनी पार होतो, खलघाटला नर्मदेकाठी निवांत थांबता येतं आणि दुपारच्या जेवणाला माणूस सुदामा नगरात असतो.